सावंत काकूंची डिस्क

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, जिच्याशी रोज फोनवर तास तास बोलते त्या मैत्रिणीपाशीही नाही. तुला सांगतेय — का, ते विचारू नकोस, मलाच नीट माहीत नाही. तू मला ओळखत नाहीस म्हणून असेल. सरळ सांगायला जमेल असं वाटत नाही. इकडून तिकडून येईन. मधेच भलतंच काहीतरी सांगत बसले तर समज, की खरं ते अजून आलेलं नाही.

मुलुंडला माझं छोटंसं दुकान आहे. स्टेशनपासून चालत जाता येतं, तळमजल्यावर, शेजारी एक झेरॉक्सवाला आणि एक शिंपी. बंद पडलेल्या हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, मोबाइलची कार्डं — यातून गेलेला डेटा काढून देणं हे माझं काम. फोटो, हिशोब, कोणाचा प्रबंध, कोणाच्या लग्नाचा व्हिडिओ. माझ्याकडे येणारी माणसं ओरडत नाहीत. हळू बोलतात. डिस्क रुमालात नाहीतर मऊ पिशवीत गुंडाळून आणतात, आणि काउंटरवर ठेवताना हात लगेच काढून घेत नाहीत. मला ते आवडायचं. खरं सांगू? त्या हातांमुळे मला मी कोणीतरी आहे असं वाटायचं.

आधी त्या बारबद्दल सांगायला हवं. प्रोग्रेस बार. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बिघडलेल्या डिस्कवरून डेटा काढायचा तर तिचा एकेक तुकडा वाचून दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवत जायचं असतं. त्यासाठी मी माझा एक प्रोग्राम लिहिला होता. खिडक्या, बटणं, चित्रं असलं काही नाही — काळा स्क्रीन, त्यावर एक कमांड टाइप करायची, एंटर मारायचं, की झालं सुरू. काम फार सावकाश चालायचं. कधी अख्खा दिवस, कधी तीन-चार. आणि तेवढा वेळ त्या काळ्या स्क्रीनवर एक पांढरा कर्सर लुकलुकत राहायचा. दुसरं काही नाही.

मला त्याचं काही वाटायचं नाही. पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं ना. त्याला काय कळणार, काम चाललंय की अडकलंय? एकदा एका ऑफिसचा माणूस बसला होता. मी चहा आणायला बाहेर गेले तेवढ्यात त्यानं केबल उपटली. म्हणाला, "मॅडम, हँग झालं होतं." झालं नव्हतं. नीट चाललं होतं. सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

त्यानंतर मी तो बार बनवला. एक आडवी पट्टी, डावीकडून भरत जाणारी, पुढे टक्के. जितके तुकडे वाचून झाले तितकी पट्टी भरलेली. पूर्ण खरा होता तो बार. पण बिघडलेली डिस्क एका चालीनं थोडीच वाचली जाते? चांगला भाग झरझर संपतो, आणि खराब जागा आली की तिथेच तासन्‌तास खेळत बसते. बार एका आकड्यावर थिजायचा. मग पुन्हा तेच — "अडकलंय का?" "गेलं का सगळं?" "जरा बघता का?"

म्हणून मी आणखी चार ओळी लिहिल्या. खरा आकडा बराच वेळ हलला नाही, तर बारनं आपणहून किंचित पुढे सरकावं. अगदी थोडं. आणि जितका जास्त वेळ अडकेल तितकं सरकणं हळू, म्हणजे शंभराला कधी पोचणार नाही. खरा आकडा मला हवा असला तर एक की दाबली की खालच्या कोपऱ्यात दिसायचा. तो फक्त मला माहीत.

दुकानात शांतता झाली. बार हलतोय म्हटल्यावर माणूस बसून राहतो — पेपर वाचतो, डुलकी काढतो. माझा एक मित्र अंधेरीला मोठ्या कंपनीत आहे, तो आला होता तेव्हा मी त्याला दाखवलं. "झकास यार," म्हणाला. आणि थोडं थांबून, "पण मग बार आहे कशाला? हे म्हणजे बंद घड्याळाचा काटा बोटानं फिरवणं झालं." मी हसले. म्हटलं, लोकांना किती वाजले ते नको असतं रे, काटा फिरताना दिसायला हवा असतो. मला वाटलं, काय छान बोलले मी.

बघ. अजून सावंतांपर्यंत आलेच नाही.

सावंत काका विक्रोळीचे. तिथल्या एका कारखान्यात आयुष्य काढून रिटायर झालेले. मूळचे मालवणकडचे, आमच्याशी मुंबईचं मराठी बोलायचे पण बायकोशी मालवणीत. काकूंनी वसाहतीत कितीतरी वर्षं बालवाडी चालवलेली. त्यांच्या आवाजाबद्दल मला पहिल्याच दिवशी काकांनी सांगितलं, अगदी अभिमानानं — तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर मैदानातली पोरं खेळ टाकून यायची म्हणे. हे सांगत होते तेव्हा काकू शेजारीच बसल्या होत्या. गळ्याभोवती पातळ सुती रुमाल. त्या हसल्या, पण हसण्याला आवाज नव्हता.

घशाचा कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागलं होतं. ऑपरेशनला थोडे दिवस होते तेव्हा त्यांच्या मुलाच्या, निलेशच्या, मनात आलं की आईचा आवाज रेकॉर्ड करून ठेवावा. दुपारचं स्वयंपाकघर आवरलं की काकू मोबाइल समोर ठेवून बोलत बसायच्या. बालवाडीत सांगायच्या त्या गोष्टी, मालवणीतल्या, स्वतः रचलेल्या. अंगाई. आंघोळ घालताना म्हणायचं गाणं. निलेशचं तेव्हा लग्नही व्हायचं होतं, पण काकूंनी ते सगळं नातवंडासाठी म्हणूनच बोलून ठेवलं. निलेशनं सगळं एका हार्ड डिस्कवर घेतलं. मोबाइल पुढे विकला.

आणि ती डिस्क शोकेस पुसताना पडली. सून तेव्हा पोटुशी होती.

तर ती डिस्क माझ्या काउंटरवर. काकूंच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेली. निलेशचा फोन आला — तो कामावर होता. "ताई, मी घरी एकदोनदा लावून बघितली. फॉरमॅट करू का विचारत होती, मी नाही म्हटलं आणि काढून घेतली. चाललं ना?" मी म्हटलं, चाललं, बरं केलंस नाही म्हणालास ते. हे लक्षात ठेव. मी हे त्याला म्हटलं होतं. मग तो म्हणाला, "अंधेरीला एक मोठी लॅब आहे म्हणतात. डिस्क उघडून वगैरे काढतात. सरळ तिकडेच न्यायची का?"

तिकडेच न्यायला हवी होती. पडलेली डिस्क. मला माहीत होतं. मी म्हटलं, "गरज नाही. मी करते."

का म्हटलं? गिऱ्हाईक जाईल म्हणून? नाही, तेवढं साधं नव्हतं ते. काकू माझ्याकडे बघत होत्या. मला ते काम हवं होतं — तो आवाज मी परत आणला, असं मला व्हायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि काकूंना म्हटलं, "होईल काकू. काळजी करू नका." त्यांनी माझा हात धरला. त्यांचे हात खरखरीत होते, गरम होते.

पहिला दिवस चांगला गेला. खोटं नाही सांगत. डिस्क वाचली जात होती, हळू पण वाचली जात होती. बार चढत होता आणि तो खरा होता. काका-काकू दुपारभर बसले. मी म्हटलं, तुम्ही थांबायची गरज नाही, मी फोन करते. काका म्हणाले, "घरी बसून काय करायचं? हिला बघायचंय." दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. डब्यात घावणे आणि चटणी, माझ्यासाठीसुद्धा. काकू स्टूल ओढून स्क्रीनसमोर बसल्या. काही म्हणायचं असलं की ओठ हलवायच्या, काका ते वाचून मला सांगायचे. काकांना समजलं नाही तर मोबाइलवर टाइप करून दाखवायच्या. काकांचं लक्ष डिस्कच्या छोट्या निळ्या दिव्यावर. अधूनमधून काकूंना सांगायचे, "लाइट पेटता मां, म्हणजे काम चालू आसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टकटक सुरू झाली.

मोठी नाही. नखानं टेबलावर वाजवल्यासारखी. टक, टक, टक — थांबते — पुन्हा टक, टक. ज्यानं हे काम केलंय त्याला त्या आवाजाचा अर्थ विचारावा लागत नाही. डिस्कमध्ये एक चकती फिरत असते आणि तिच्यावर, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर, एक बारीकसं डोकं तरंगत असतं. तेच वाचतं. ते निकामी झालं की असं आपटत राहतं. चकतीला टेकलं तर तिला खरवडतं. आणि आपलं जे काही असतं — फोटो, आवाज, सगळं — ते त्या चकतीवरच्या पातळशा थरात असतं. म्हणून टकटक ऐकू आली की एकच करायचं. वीज काढायची. त्याच क्षणी. मग लॅबमध्ये डोकं बदलून बरंच काही निघू शकतं.

मी ती की दाबली. कोपऱ्यात खरा आकडा आला. तो थांबला होता.

वर बार सरकला. एक टक्का.

काकूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर लिहिलं होतं — "हळू आहे, पण चाललंय ना?"

मी इथे नेहमी अडकते. मनात कितीदा आले असेन मी या जागेपर्यंत. किती सोपं होतं — "काकू, माझ्याकडून होत नाही, आत्ताच्या आत्ता अंधेरीला न्या." एवढी दोन वाक्यं. हात फार तर वीतभर पुढे करायचा आणि स्विच बंद करायचा. कशाची भीती वाटली मला? त्या रडतील याची? त्या रडल्या असत्या तर आवाजसुद्धा आला नसता. की काल "होईल" म्हटलं आणि आज "होत नाही" म्हणावं लागेल याची? मी मान हलवली. हो म्हणून.

काकूंना ऐकायला उत्तम यायचं. त्या डिस्ककडे बघायला लागल्या, कपाळाला आठी. मी उठले, कोपऱ्यातला टेबल फॅन आणला आणि डिस्कच्या शेजारी लावला. म्हटलं, "गरम होते ना, म्हणून." फॅन जुना होता, घरघर करायचा. टकटक ऐकू येईनाशी झाली.

हे मी डोकं ठिकाणावर ठेवून केलं, कळलं ना तुला? गोंधळून नाही.

त्या दिवशी ते गेल्यावर मी डिस्क बंद केली. तेव्हा तरी पुरे करायला हवं होतं, नाही का? कोणी समोर नव्हतं. रात्र होती विचार करायला. सकाळी फोन करून सांगता आलं असतं, त्यांचं तोंड न बघता. मी काय केलं, ते ऐक. दुसऱ्या दिवशी त्यांची यायची वेळ झाली तशी डिस्क पुन्हा चालू केली. दिवा दिसायला हवा ना, काकांना. मेलेल्या डोक्यानं डिस्क पुन्हा फिरवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. आणि बार पहिल्यापासून सुरू झाला तर त्यांना कळेल, म्हणून प्रोग्राममध्ये बदल केला — कालच्या आकड्याच्या थोडं पुढून सुरू व्हायचा. काही वाचत नव्हता तो. नुसता चालत होता.

दोन-चार दिवस हे चाललं. ते यायच्या आधी चालू, गेल्यावर बंद. फॅन घरघरतोय, बार सरकतोय, काकू समोर बसल्यायत. मी त्या दिवसांत दुकानात बसू शकत नव्हते. सारखी उठायची, उगीच झेरॉक्सवाल्याकडे जायची, पुन्हा यायची, पाणी प्यायची. झेरॉक्सवाला म्हणाला, "काय झालंय तुला? पायाला चाकं लावलीस का?" काकूंना वाटायचं मी त्यांच्यासाठी धडपडतेय. एकदा त्यांनी मला हातानं थोपवून बळेच बसवलं आणि डब्यातला घावणा पुढे केला. मी खाल्ला. हो, खाल्ला.

आणि बार साठाच्या पुढे गेला, सत्तराच्या पुढे गेला, तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. काकांनी सांगितलं, डोहाळजेवण ठरलंय; तेव्हा एक गोष्ट लावणार सगळ्यांसमोर. कुठली लावायची ते हिनं ठरवलंसुद्धा.

तेव्हा मला कळलं की आता थांबवायलाच हवं. मी दयाळू झाले नव्हते. बार शंभराच्या जवळ चालला होता आणि नंतर माझ्याकडे दाखवायला काही नसणार होतं. मी एका सकाळी फोन केला आणि म्हटलं, रात्री डिस्क अचानक बसली. जेवढं उतरलं त्यात आवाजाच्या फाइली नाहीत. खरं म्हणजे फाइलींची नावं आली होती. पहिल्या दिवशीच आली होती, त्या खऱ्या भागात. काकूंनीच नावं दिली असणार — "पेजेची गोष्ट", "न्हाऊचं गाणं", "वाडीतला बोको". नावं होती. उघडत एकही नव्हती.

पैसे घेतले नाहीत मी. काका म्हणाले, "एवढे दिवस राबलीस, काहीतरी घे." नाही घेतले. त्यांनी वसाहतीत चार जणांना सांगितलं, मुलुंडची ती मुलगी फार प्रामाणिक आहे. दोघं-तिघं आले त्यांच्या ओळखीनं. मी त्यांची कामं केली.

अजून संपलेलं नाही. तुला वाटलं असेल हेच ते. मलाही पुष्कळ वर्षं असंच वाटून घ्यायला आवडलं असतं.

काका ती डिस्क घेऊन अंधेरीच्या लॅबला गेले. तिथल्या माणसानं ती उघडली आणि मला फोन केला. धंद्यातलं कोणी आधी हाताळलं असेल तर विचारतात. चांगला बोलला. म्हणाला, चकतीवर गोल चरे पडलेत, थर पार खरवडून निघालाय. असं एकदम होत नाही, टकटक सुरू झाल्यावर बराच वेळ चालू ठेवलेली दिसते. "तुमच्याकडे किती चालली?" मी म्हटलं, "माझ्याकडे आली तेव्हाच वाजत होती. मी लावली आणि लगेच काढली." तो म्हणाला, "मग घरीच कोणीतरी चालवली असणार. अरेरे. वेळेवर बंद केली असती तर बरंचसं निघालं असतं."

हे वाक्य मी जसंच्या तसं सांगतेय.

त्यानंतर काका-काकू पुन्हा दुकानात आले. लॅबवाल्यानं त्यांनाही तेच सांगितलं होतं, कोणीतरी फार वेळ चालू ठेवली म्हणून. काका भांडायला आले नव्हते. त्यांच्या मनात माझ्याबद्दल शंकाही नव्हती. मी त्यांच्यासमोर फॅन लावून डिस्क जपली होती ना. त्यांना फक्त कळून घ्यायचं होतं. खुर्चीवर बसले, गुडघ्यावर हात ठेवले आणि म्हणाले, "कशानं झालं गो असं?"

आणि मी म्हटलं — थांब. एक मिनिट.

मी म्हटलं, "काका, निलेशनं घरी लावून बघितली होती ना. पडलेली डिस्क घरी लावायची नसते. तिथेच वाट लागली असणार."

एवढंच. आवाज चढवून नाही, हळुवारपणे म्हटलं. त्यांना वाईट वाटू नये अशा बेतानं. मला कोणी विचारलं नव्हतं निलेशबद्दल. मी "माहीत नाही" म्हणू शकले असते. तेही खोटंच, पण त्यानं कोणाचं काही गेलं नसतं. मला एक माणूस हवा होता तिथे ठेवायला, आणि निलेशनं स्वतःच मला सांगितलं होतं, बिचाऱ्यानं, आपण होऊन — ताई, मी एकदोनदा लावली, चाललं ना?

काकूंनी पटकन मान हलवली. नाही, नाही. ओठ हलले, काकांच्या दंडावर हात ठेवला, त्यांना आपल्याकडे वळवायला बघत होत्या. काका त्यांच्याकडे बघेनात. ओठांकडे बघितलंच नाही तर काय म्हणतात ते कळणार कसं? काका जमिनीकडे बघत बसले आणि म्हणाले, "त्याला सांगितलं होतं मी. हात लावू नको म्हणून सांगितलं होतं."

मग गेले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. नात झाल्यावर काका पेढे द्यायला आले होते, एकटेच. खुशीत होते, पण निलेशचा विषय निघाला तसा पेढ्यांचा खोका बंद केला. तो बोरिवलीला भाड्यानं राहायला गेला, एवढंच म्हणाले. बायकोचं ऑफिस तिकडे आहे म्हणून. मी "अच्छा" म्हटलं. पेढा हातात होता. तेव्हा सांगता आलं असतं? आलं असतं. काकू तेव्हा होत्या.

नंतर काका यायचे बंद झाले. मी विक्रोळीला गेले नाही कधी. हायवेवरून जाताना ती वसाहत लागते, तेव्हा मी मोबाइल बघते. बारच्या त्या ओळी मात्र मी काढून टाकल्या. आता डिस्क वाचत नसेल तर माझा प्रोग्राम तसं सरळ लिहितो — वाचता येत नाही, बंद करा. पाच शब्द. ते लिहिणं काही अवघड नव्हतं. हे मी माझी बाजू म्हणून सांगत नाहीये. दुकानाचं काय झालं ते सांगतेय.

या वर्षी निलेश आला.

मी त्याला कधी बघितलेलं नव्हतं, फक्त फोनवर ऐकलेलं. पस्तिशीचा, केस पुढून गेलेले, ओठ अगदी काकूंचे. त्यानं नाव सांगितलं. वाटलं, कळलं याला. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला आठवणार नाही. आईची डिस्क आणली होती बाबांनी." मग पिशवीतून एक डिस्क काढली. नवी होती. मुलीचे जन्मापासूनचे फोटो, व्हिडिओ. टेबलावरून पडली म्हणाला.

"ह्या वेळी मी लावून बघितली नाही," तो म्हणाला. "हात पण नाही लावला. बायको म्हणत होती एकदा बघू तरी. तिला ओरडलो. तशीच उचलली आणि बोरिवलीहून इथे घेऊन आलो."

मी डिस्क घेतली. तपासली. डोकं ठीक होतं, बाहेरचा भाग तेवढा मोडला होता. संध्याकाळपर्यंत सगळं निघालं, एकही फोटो गेला नाही. तो थांबून होता. वाट बघता बघता बोलत राहिला, कोणालातरी सांगायचंच असल्यासारखा. काकू गेल्या होत्या. दुखणं परत उलटलं होतं. त्यांच्या आवाजातलं आता एकच उरलंय, त्याच्या मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुठेतरी सापडलेलं — मावशीला बाजारातून कढीपत्ता आणायला सांगतायत. मुलगी ते लावून ऐकते म्हणाला. तिला वाटतं आजी कढीपत्त्याची गोष्ट सांगतेय.

बाबांशी बोलणं आहे, म्हणाला, पण कामापुरतं. आई शेवटपर्यंत मोबाइलवर लिहून सांगायची, की जाऊ दे, पोरानं मुद्दाम केलं नाही. बाबा वाचायचे आणि मोबाइल परत द्यायचे. "त्यांचं पण बरोबर आहे," निलेश म्हणाला. "अक्कल नव्हती मला तेव्हा. दोन मिनिटं लावून बघितली आणि आईचा आवाज घालवला."

तो माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, त्याला मी काहीतरी बोलायला हवं होतं. धंद्यातली बाई. जिला कळतं.

मी म्हटलं, "सोड रे. होतं असं. तुला काय माहीत होतं."

त्याचा चेहरा सैल झाला. अगदी दिसण्यासारखा. "थँक्यू ताई," म्हणाला, डोळे पुसले, जरा हसलासुद्धा. त्यानं जे केलंच नव्हतं, त्याबद्दल मी त्याला माफ केलं, आणि त्यानं ते घेतलं. बराच वेळ बसून होता मग. मुलीचे फोटो दाखवले एकेक करून, मी बघितले.

दुकानात आम्ही दोघंच होतो. घाई त्यालाही नव्हती.